फोर बाय फोरचं पावसाळ्यानंतरचं काम: आधी काय, मग काय

दसऱ्याच्या आसपास दरवर्षी तेच प्रश्न येतात. डिफमधून (डिफरेन्शियल, म्हणजे एक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) आवाज येतोय, वळताना गाडी अडकते, फोर बाय फोरचा लाईट लुकलुकतोय, आणि त्याच माणसाने गेल्या महिन्यात मोठे टायर आणि लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) बसवलेलं असतं. पैसे वरच्या सजावटीवर गेले आणि खालचं तेल तीन वर्षांपूर्वीचं, असा सगळा प्रकार. म्हणून हे क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका क्रमातल्याच आहेत, हत्यारातल्या नाहीत.

## १. आधी तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते ओळखा

दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोघींची काळजी वेगळी.

पहिली पार्ट-टाईम फोर बाय फोर. जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर या सगळ्या यात आल्या. फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरेन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक कुठेतरी सुटायला हवा, तो टायर घसरून सुटतो. चिखलात घसरतात, डांबरावर घसरत नाहीत, मग सगळा ताण गिअर, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) आणि एक्सलवर बसतो.

दुसरी जात ऑन-डिमांड ऑल व्हील ड्राइव्ह. डस्टर एडब्ल्यूडी, ग्रँड विटारा ऑलग्रिप, एक्सयूव्ही ७०० एडब्ल्यूडी. इथे मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारं एक क्लच-कपलिंग असतं, गरज पडली की ते पकडतं. ही गाडी ऑटोवर ठेवून रस्त्यावर बिनधास्त चालवा, पण चारही टायर सारखे नसतील तर या कपलिंगची वाट लागते.

तपासा: फोर-एचमध्ये डांबरावर वळताना स्टिअरिंग जड होऊन गाडी अडखळत असेल तर पार्ट-टाईमवाल्यांनो, तो बिघाड नाही, तुम्ही चुकीच्या जागी फोर-एच वापरताय. लिव्हर टू-एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) परत येत नसेल तर ओढाताण करू नका, सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर आपोआप हलका होतो. ऑन-डिमांडवाल्यांची गाडी ऑटो मोडमध्ये पार्किंगमध्ये वळताना थरथरत असेल तर मात्र टायर आणि कपलिंगचं तेल, दोन्ही बघावं लागेल.

## २. टायर मोजा, नजरेने नाही, टेपने

हे काम तेलाच्या आधी, कारण टायरमध्ये घोळ असेल तर नवीन तेल टाकून काही उपयोग नाही.

सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे एक टायर फाटला, माणूस त्याच कंपनीचा एकच नवीन टायर टाकतो आणि बाकीचे तीन अर्धे झिजलेले. टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत हे बऱ्यापैकी खपून जातं, इथे नाही. हिशोब बघा. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर, नवा असताना व्यास साधारण ६९३ मिलिमीटर, म्हणजे घेर २१७७ च्या आसपास. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ उरली असेल तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक, घेरात ३१. जुना टायर दर किलोमीटरला नव्यापेक्षा जवळजवळ ७ फेऱ्या जास्त मारतो. शंभर किलोमीटरला सातशे. ऑन-डिमांड गाडीत पुढची जोडी नवी आणि मागची जुनी असेल तर हा फरक कपलिंगच्या प्लेट्स खात बसतात, आणि एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात फरक असेल तर डिफमधले छोटे गिअर सरळ रस्त्यावरसुद्धा सतत फिरत राहतात.

मोजायची पद्धत:

१. चारही टायरमध्ये थंड असताना कंपनीने सांगितलेली हवा भरा. हवा कमी-जास्त ठेवून मोजलेलं माप फुकट.

२. टायरच्या तळाशी खडूने खूण करा, तीच खूण जमिनीवरही. गाडी सरळ ढकला, चाकाची एक पूर्ण फेरी झाली की जमिनीवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे घेर.

३. चारही चाकांचं लिहून ठेवा. स्टेपनीचंही, पण ती एखाद्या चाकाच्या जागी लावून तशीच मोजा; टेपने बाहेरून गुंडाळून आलेलं माप या मापांशी जुळत नाही.

किती फरक चालतो हे कंपनीनुसार बदलतं, सुबारूसारखी कंपनी घेरात फक्त पाव इंच म्हणते, म्हणजे ६ मिलिमीटर. पार्ट-टाईम गाडी टू-एचमध्येच जास्त फिरते म्हणून थोडं जास्त खपतं, पण ऑन-डिमांडमध्ये मी या पाव इंचाच्या बाहेर जाणार नाही.

स्टेपनी पण फिरवत चला. दर ८-१० हजार किलोमीटरला पाच टायरचं रोटेशन केलं की पाचही सारखे झिजतात, आणि एक फाटला तर लावायला जुळणारा टायर घरातच असतो. स्टेपनी छोट्या साईझची असेल तर अर्थातच नाही. टायरवाला म्हणतो "साहेब स्टेपनी कशाला, नवीच आहे ती", त्याचं ऐकू नका.

सावधान: डायरेक्शनल नक्षीच्या टायरवर बाणाची खूण असते, तो टायर दुसऱ्या बाजूला लावायचा तर रिममधून काढून उलटा चढवावा लागतो.

## ३. तेल बदलायची तयारी

पावसाळ्यात ओढा, भरलेला पूल, गुडघाभर पाणी यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, तेल बघाच. गरम डिफ थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर (डिफमधली हवा आत-बाहेर जायचं तोंड) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा ओढतो, चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढतो. ताम्हिणी-वेल्हे भागात दर शनिवारी ओढ्यात उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

सामान:

- मॅन्युअल. नेटवरची कुठलीही पीडीएफ नाही, तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं. तेलाचा ग्रेड त्यातूनच घ्या.
- डिफला बहुतेक जीएल-५, ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० लागतं. ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) काही गाड्यांत गिअर ऑइल, काहींत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). गिअरबॉक्सला बऱ्याच ठिकाणी जीएल-४. तिन्हीकडे एकच डबा ओतायची गॅरेजची सवय असते, ती मोडा. काही जीएल-५ तेलांतली केमिकल्स गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) मानवत नाहीत, मग दोन वर्षांनी सेकंड गिअर कुरकुरतो आणि दोष क्लचवर जातो.
- जिप्सीच्या आकाराच्या गाडीला दोन डिफ आणि ट्रान्सफर केस मिळून साधारण चार-साडेचार लिटर लागतं. पाच लिटर आणा.
- नवे वॉशर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. जुने पुन्हा लावू नका.
- तेल भरायची पिचकारी किंवा हातपंप, पसरट ट्रे, चिंध्या, वायर ब्रश, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना).
- चार जॅक स्टँड. विटा नाहीत, लाकडी ठोकळे नाहीत.

आधी १०-१५ किलोमीटर गाडी चालवून आणा, तेल कोमट झालं की पातळ होऊन गाळासकट निघतं. घाट चढून आल्याआल्या मात्र उघडू नका, हात भाजेल.

सावधान: एकच चाक किंवा एकच एक्सल उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून "चाक फिरतंय का बघू" हा प्रयोग ऑल व्हील ड्राइव्हमध्ये कधीच नाही. जमिनीवर असलेली चाकं ओढतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. दुसरी गोष्ट, काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकाला नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टला धरतो. मागचं एक चाक उचललं की डिफमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावूनच कामाला लागा.

## ४. तेल काढा आणि भरा

१. गाडी सपाट. पुढून उंच, मागून खाली असेल तर लेव्हल चुकीची येणार. चारही बाजूंनी सारखी उचला किंवा उंची असेल तर न उचलताच करा. जिप्सी-थारखाली झोपून आरामात होतं.

२. प्लगच्या आजूबाजूचा चिखल ब्रशने आधी साफ. जांभ्याची लाल माती सुकली की दगड होते, आणि प्लग उघडल्यावर तिचाच खडा आत पडतो.

३. आधी वरचा फिलर प्लग सोडवा. ड्रेन प्लग नंतर. हजार वेळा सांगूनही लोक खालचा आधी उघडतात, तेल जमिनीवर जातं, आणि मग वरचा प्लग गंजून बसलेला निघतो. आता गाडीत तेल नाही आणि भरायला वाट नाही, टो करून न्या. वरचा सुटत नसेल तर तिथेच थांबा, गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. चौकोनी भोकाचा प्लग असेल तर नीट बसणारंच हत्यार वापरा, ढिलं हत्यार एकदा घसरलं की भोक गोल होतं.

४. मग ड्रेन उघडा आणि तेल नीट बघा, हा पूर्ण कामातला सगळ्यात महत्त्वाचा मिनिट आहे. काळं-तपकिरी पण स्वच्छ असेल तर ठीक. दूध घातलेल्या कॉफीसारखं असेल तर पाणी गेलंय. प्लगवरच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असतो, तो चिमटीत चोळला तर शिशाच्या पेन्सिलीसारखा गुळगुळीत लागला पाहिजे, ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कपचे, चकत्या, दाताचा तुकडा असं काही लागलं तर तेल भरून विषय बंद करू नका, डिफ उघडावा लागेल.

५. पाणी गेलं असेल तर गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलने धुवून द्यायची पद्धत आहे. नको. ते बेअरिंगमध्ये आणि एक्सल ट्यूबमध्ये साचून राहतं आणि नवं तेल पातळ करतं. त्याऐवजी त्याच ग्रेडचं स्वस्तातलं तेल भरा, १५-२० किलोमीटर हळू चालवा, ते काढा, मग चांगलं भरा. तरीही कॉफी निघाली तर पुन्हा.

६. ड्रेन प्लग नव्या वॉशरसह, मॅन्युअलमधल्या टॉर्कने. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, सीलंट लागतं. ॲल्युमिनियमच्या केसवर पाईप घालून पाना आवळणारे मेकॅनिक बघितलेत, आटे एकदा गेले की केस खोलून काम आणि बिल बघून डोळे पांढरे.

७. पिचकारीने भरा, फिलरच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत. मग पाच-दहा मिनिटं थांबा, आत खाली बसतं, पुन्हा थोडं भरा. ओघळणं थेंबावर आलं की प्लग लावा.

८. पुढचा डिफ, ट्रान्सफर केस, मागचा डिफ, तिन्हीला हेच. पुढचा डिफ "वापरतच नाही" म्हणून सोडून देतात, पाणी मात्र त्याच्यात आधी जातं.

९. ब्रीदर काढून फुंकून बघा. एक्सलच्या वर छोटी टोपी किंवा वर जाणारी रबरी नळी असते. हवा आरपार गेली पाहिजे.

लिमिटेड स्लिप किंवा लॉकिंग डिफ असेल तर फक्त मॅन्युअलमधलंच तेल, "हे पण चालतं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. ऑन-डिमांडवाल्यांनी मागच्या कपलिंगचं तेल वेगळं आहे का हे बघा, काहींत त्याला स्वतःचा फिल्टरही असतो.

तपासा: पन्नासेक किलोमीटर झाल्यावर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून प्लग की सील ते कळतं.

## ५. क्रॉस, बूट, हब

शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस निप्पल असेल तर जुनं ग्रीस चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत मारा. एका टोकाला येत नसेल तर तो क्रॉस आतून सुकलाय. चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. गिअर टाकताना "टक" आवाज येतो तो बऱ्याचदा इथलाच. शाफ्ट उतरवायचा असेल तर फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची खूण करा आणि तशीच परत बसवा, एक भोक सरकवून बसवला तर बॅलन्स जाऊ शकतो. शाफ्टचे दोन तुकडे सरकत्या जोडातून सुटले असतील तर जास्तच जपा, एक दात इकडेतिकडे झाला तरी साठच्या पुढे गाडी थरथरते आणि लोक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात.

पुढच्या एक्सलचे रबरी बूट बोटाने दाबून, घड्या उघडून बघा. चीर लहान असताना बूट बदलला तर शेकड्यात भागतं, आत चिखल गेला तर पूर्ण एक्सल.

जिप्सीवाल्यांसाठी खास: पुढच्या चाकांना एक्सलशी जोडणारे हब हाताने लॉक करायचे असतात, दोन्ही. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर डिफ सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडतो, लिव्हर फोर-एचवर असूनही पुढचं एकही चाक ओढत नाही, आणि माणूस चिखलात उभा राहून ट्रान्सफर केसला शिव्या देतो. उतरा, दोन्हीकडचे डायल बघा.

जिम्नीचे हब व्हॅक्यूमवर चालतात. लाईट लुकलुकत राहिला आणि पकडत नसेल तर आधी व्हॅक्यूमच्या नळ्या बघा. पार्किंगमधले उंदीर त्या आवडीने कुरतडतात, हे वाचायला गंमत वाटते पण सेन्सर बदलून झाल्यावर शेवटी नळीच निघते.

## ६. टेस्ट, आणि महिन्याची सवय

मोकळं मैदान, ओली माती, खडी. डांबर नको. सरळ आणि हळू चालवत टू-एचवरून फोर-एच, लाईट स्थिर झाला पाहिजे. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर-एल (चारही चाकं, हळू पण जास्त ओढ). कोणीतरी बाहेर उभं करून मातीत चारही चाकं ओढतात का ते बघायला सांगा. गुरखामध्ये डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारे) असतील तर ते चाकं घसरायला लागतात अशाच जागी, लॉक लावून वळू नका.

महिन्यातून एकदा दोन-तीन किलोमीटर मातीत फोर-एच वापरा. वर्षभर न हललेला लिव्हर गरजेच्या दिवशी हलत नाही.

सावधान: बंद पडली तर फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर ओढली की ऑन-डिमांडचं कपलिंग भाजू शकतं. टोवाला "काही होत नाही" म्हणेल, बिल त्याला भरायचं नसतं.

## ७. अपग्रेड, आता

वरचं सगळं झालं असेल तरच. माझा क्रम: टायर, रिकव्हरी पॉईंट, ब्रीदर, खालचं गार्ड. लिफ्ट सगळ्यात शेवटी आणि बहुतेकांना लागतच नाही.

टायर: जिम्नीला १९५/८० च्या जागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास साधारण १० मिलिमीटर वाढतो, दीड टक्का, काही कळत नाही. २३५/७५ घातला तर ४० मिलिमीटर, जवळजवळ ६ टक्के. म्हणजे जमिनीपासून उंची फक्त २० मिलिमीटर वाढली आणि त्यासाठी पिकअप गेला, ब्रेक लांबला, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासतो. मला हा सौदा पटत नाही. मोठ्या टायरपेक्षा हवा कमी करणं जास्त काम करतं, चिखल-वाळूत १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरावर यायच्या आधी भरा. त्यासाठी कॉम्प्रेसर गाडीत हवा, नाहीतर हवा सोडूच नका.

रिकव्हरी पॉईंट: खाली जो पातळ हूक दिसतो तो बऱ्याचदा ट्रकवर गाडी बांधायचा असतो, रुतलेली गाडी झटक्याने ओढायचा नाही. टो बॉलला पट्टा अडकवणं तर त्याहून वाईट, तुटला तर गोळीसारखा येतो. चॅसीला बोल्टने बसणारा, क्षमता लिहिलेला पॉईंट घ्या.

ब्रीदर: पुढची नळी लांबवून इंजिन बेमध्ये उंच आणा, मागची टेललाईटच्या उंचीपर्यंत. काही शेकड्यांचं काम, स्नॉर्कलपेक्षा आधी. स्नॉर्कल फक्त इंजिनात जाणारी हवा उंचावरून घेतो, डिफ, वायरिंग, अल्टरनेटर यांचं त्याला काही देणंघेणं नाही. थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाणी म्हणते, तो आकडा स्नॉर्कल लावून वाढत नाही.

लिफ्ट: दोन इंचांच्या पुढे गेलात की शाफ्टचा कोन, कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळणाच्या धुरीचा कल), ब्रेकच्या नळ्यांची लांबी सगळं बदलतं. फक्त स्पेसर ठोकून दिला आणि बाकी तसंच, असं काम करणाऱ्याकडून करून घेऊ नका.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलंय. बुल बारवर (पुढचा लोखंडी गार्ड) तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या दृष्टीनेही तो धोकाच. बदल केला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. पाण्यात इंजिन लॉक झालं तर साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलंय का ते रिन्यूअलच्या कागदावर बघा.

समुद्रावर गाडी घालायचा विचार असेल तर गोव्यात ते बेकायदेशीर आहे आणि कोकणातही भरतीत अडकलेल्या गाड्या आणि पाठोपाठ गुन्हे, हे दर सीझनला चालू असतं. खाऱ्या पाण्याजवळून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, चॅसीच्या आतल्या पोकळीतसुद्धा, आणि धुतल्यावर दोन-चारदा ब्रेक मारत थोडी चालवून मगच पार्क करा.